‘प्रयोगात’नंतर एक श्वास

"‘हृदयस्पर्शी’ पुसा आधी," नीलांबरी मॅडम म्हणाल्या. "हृदयाला स्पर्श झाला की नाही ते प्रेक्षक सांगेल. आपण कशाला सांगायचं?"

केसकरकाकांनी तळहाताने तो शब्द पुसला. फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात उरलं : ‘रंगभूमीवर निस्सीम प्रेम करणाऱ्या एका प्रॉम्प्टरची आणि एका थोर नटाची मैत्री, त्याग व नियतीच्या थट्टेची कहाणी.’

"‘निस्सीम’."

काकांनी पुसलं.

"‘थोर’. ‘नियती’. आणि ‘त्याग’ पण जाऊ दे, दामूकाका."

काका पुसत गेले. सदऱ्याच्या बाहीला खडू लागला. शेवटी मागे सरकून त्यांनी फळ्याकडे पाहिलं.

"आता काय उरलं?" मॅडमनी विचारलं.

"मी आणि जयवंतराव," काका म्हणाले.

सगळे हसले. मॅडम पण हसल्या, पण त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले ते मी पाहिलं. साड्यांना पिको-फॉल करणाऱ्या बाईची नजर बारीक असते.

इचलकरंजीतल्या एका शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये दिवाळीच्या सुट्टीत ते चार दिवसांचं शिबिर होतं. पटकथा लिहिणाऱ्यांसाठी, आणि त्यातही फक्त लॉगलाइनसाठी. म्हणजे सिनेमाची किंवा मालिकेची अख्खी गोष्ट एका वाक्यात, पंचवीस शब्दांच्या आत. माणूस कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय, आणि नाही जमलं तर काय हातचं जाईल. पात्राचं नाव घ्यायचं नाही. आम्ही बाराजण होतो. शिकवायला नीलांबरी देवकुळे, मुंबईच्या एका मालिका कंपनीत कथाविभागाच्या प्रमुख. गावोगाव नाटकं गाजवलेले नट जयवंतराव देवकुळे हे त्यांचे वडील. आणि जयवंतरावांच्या नाटकांना तीस वर्षं विंगेत पुस्तक घेऊन बसणारे प्रॉम्प्टर म्हणजे आमचे दामोदर केसकर, वय चौसष्ट. शिबिराच्या पहिल्या दिवशी मॅडमनी त्यांना खांद्याला धरून पुढे आणलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "हे माझे दामूकाका. बाबांचा श्वास. एका प्रयोगाला यांना भोवळ आली आणि बाबांचं नाटक तिथेच संपलं."

काका तेव्हा जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, विनय.

मी प्रमिला चौगुले. तेव्हा अडतीस वर्षांची. मुख्य रस्त्याला माझं पिको-फॉलचं दुकान होतं आणि दुकानात टीव्ही. अठरा वर्षं हात मशीनवर आणि डोळे मालिकांवर. पुढच्या भागात काय होणार ते मी गिऱ्हाइकांना आधीच सांगायचे आणि तसंच व्हायचं. मग वाटायला लागलं, आपल्याला कळतंय तर आपण का लिहू नये. पोरीच्या उरलेल्या वह्यांत लिहायला लागले. कुणी शिकवलं नाही. फॉल लावताना कळतं की साडीचं सौंदर्य वर असलं तरी वजन खाली लागतं, तेवढंच माझं शिक्षण.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जोड्या लावल्या. त्यांची पद्धत वेगळी होती. आपली ओळ आपण सुधारायची नाही, जोडीदाराने सुधारायची. चौथ्या दिवशी ती सगळ्यांसमोर उभं राहून पाठ म्हणायची. "पाठ म्हणता येत नाही ती ओळ लांब आहे," मॅडम म्हणायच्या. म्हणताना ज्याची गोष्ट आहे त्याने शेजारी कार्ड धरून बसायचं, शब्द तपासायला. ज्याने सगळ्यांत चांगली सुधारणा केली त्याला मुंबईला कंपनीत लेखकाची जागा, एकच. आणि ती ओळ ज्याची, त्याची पूर्ण पटकथा मॅडम स्वतः वाचणार.

माझी जोडी केसकरकाकांशी लागली. ते माझी ओळ सुधारणार, मी त्यांची.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते सांगायला पंचवीस शब्द पुरणार नाहीत. आणि काकांना काय हवं होतं, ते त्यांनी मला शाळेच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून सांगितलं. त्यांच्या पिशवीत एकशे ऐंशी पानांची पटकथा होती, कापडात बांधलेली.

"अकरा वर्षं लिहितोय, ताई. जयवंतरावांवर. नीलूने हे वाचावं. तिने केलं तर करील, नाही केलं तर राहिलं. पण तिने वाचावं."

"मग वाचायला द्या की सरळ. तुम्हाला काका म्हणते ती."

"असं नाही. निवडून यायला हवं. उपकार म्हणून नको."

त्यांनी आधी माझी गोष्ट ऐकून घेतली. मी लिहिलं होतं : ‘नवऱ्याने टाकलेल्या एका बाईची संघर्षगाथा.’ काका हसले. मग हळूहळू विचारत गेले. नवरा कुठं असतो, दुसरं केलं का, कधी केलं, तुम्हाला कसं कळलं. मी सांगितलं, त्याच्या दुसऱ्या लग्नाचा शालू फॉल लावायला माझ्याच दुकानात आला होता. बायको होणारीला माहीत नव्हतं मी कोण ते.

काकांनी खिशातलं पेन काढलं.

"लावलात?"

"लावला. एक टाका वाकडा नाही."

"हे ओळीत घेऊ का?" त्यांनी विचारलं. "तुम्ही नाही म्हणालात तर नाही घेणार."

मी म्हटलं, "घ्या. मला काय लाज? लाज त्याला."

त्यांनी लिहिलं : ‘नवऱ्याने सोडलेल्या पिको-फॉलवाल्या बाईकडे त्याच्याच दुसऱ्या लग्नाचा शालू फॉल लावायला येतो, आणि दोन दिवसांत तिला तो नीट शिवून परत करायचाय.’

मी ती दोनदा वाचली. निर्विवाद चांगली ओळ होती. त्याच क्षणी मला कळलं, हा म्हातारा ही जागा घेऊन जाणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची ओळ माझ्याकडे आली. तोवर ती एवढी झाली होती : ‘विसरत चाललेल्या नटाला दोन वर्षं एकेक वाक्य पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरला एका दुपारी भरल्या प्रयोगात भोवळ येते.’

"काका, हे लोंबतंय," मी म्हटलं.

"कुठं?"

"भोवळीपाशी. भोवळ काय, कुणालाही येते. त्यात त्याने केलं काय? मॅडम म्हणतात ना, माणसाने निवडायला हवं. तुमचा प्रॉम्प्टर काही निवडतच नाही, नुसता पडतो."

"पडला तर पडला. माणसं पडतात."

"पडतात हो, पण घरी. सिनेमात नाही पडायचं." मी बोलत होते आणि डोक्यात मशीन सुरू झालं होतं. "असं बघा. नट उभा आहे. वाक्य आठवत नाही. विंगेत हा आहे, शुद्धीवर आहे, पुस्तक समोर आहे, बोट त्याच ओळीवर आहे. आणि हा देत नाही. मुद्दाम गप्प बसतो."

काकांच्या हातात थर्मासच्या झाकणातला चहा होता. ते झाकण त्यांनी खाली ठेवलं. अगदी सावकाश, आवाज होऊ न देता, विंगेत ठेवतात तसं.

"का देत नाही?" त्यांनी विचारलं.

"तेच शोधायचंय. नटाने काहीतरी केलं असणार. अपमान."

"सत्कार होता सकाळी," काका म्हणाले. माझ्याकडे न बघता. "तो घ्या हवं तर. सत्काराला ते म्हणाले होते, तीस वर्षांत मी विंगेतून एक शब्द घेतलेला नाही. ते सगळ्यांना माहीत आहे, पेपरात आलं होतं."

मी कार्डावर लिहिलं. सुबक, एका दमात, जशी कधीकधी पूर्ण साडी एका धाग्यात होते तसं :

‘विसरत चाललेल्या नटाला दोन वर्षं एकेक वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर, नटाने भर सभेत त्याला नाकारल्यावर, त्याच दुपारी भरल्या प्रयोगात मुद्दाम गप्प बसतो.’

एकवीस शब्द. मी मोजले. काकांनी कार्ड घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"चांगली आहे," ते म्हणाले.

"पाठ करून घ्या माझ्याकडून."

आणि त्यांनी घेतली. दहाबारा वेळा. कार्ड त्यांच्या हातात, मी टाकीला टेकून उभी. त्यांची नजर कार्डावरून एकदाही वर आली नाही. मी म्हटलं, "काका, माझ्याकडे बघा की, मी म्हणतेय."

"प्रॉम्प्टर नटाकडे बघत नसतो, ताई. पुस्तकात बघायचं आणि कान द्यायचा. आणि पुस्तकात असेल तेच द्यायचं, आपलं मत द्यायचं नाही."

"मग नट नुसता थांबलाय का विसरलाय, ते न बघता कसं कळतं?"

"श्वासावरून. विसरलेल्याचा श्वास वर अडकतो, चोरट्यासारखा. मुद्दाम थांबलेला माणूस आधी पुरता श्वास भरून घेतो, मग थांबतो. ऐकू येतं ते." मग कार्डावर बोट ठेवून म्हणाले, "तुम्ही इथं थांबा. ‘प्रयोगात’नंतर एक श्वास. लोकांना वाटलं पाहिजे, आता काय? आणि मग द्या शेवटचे तीन शब्द. हळू. ओरडायचं नाही."

मी तशी म्हटली. काकांनी मान हलवली.

"आता झाली," म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी मी हॉलचा जिना चढत होते तर काका मधल्या पायरीवर बसलेले. दाढी केलेली नव्हती.

"ताई, दोन मिनिटं."

मी शेजारी बसले.

"ती भोवळ," ते म्हणाले, "ती मीच लिहिलेली आहे. आली नव्हती."

मला वाटतं, मला आदल्या दिवशीच कळलं होतं, झाकण खाली ठेवलं तेव्हाच.

"कऱ्हाडला होता प्रयोग. दुपारी साडेतीन. सकाळी तो सत्कार. विंगेतून एक शब्द घेतलेला नाही म्हणाले, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. दोन वर्षं, ताई, मी त्यांना ‘आणि’ आणि ‘पण’सुद्धा देत होतो. तिसऱ्या अंकात ते थांबले. म्हटलं, एक श्वास जाऊ दे. कळू दे त्यांना. मग म्हटलं, अजून एक. मग..." काकांनी ओठ पुसले. "मग मला त्यात गोडी लागली."

"किती वेळ?" मी विचारलं. लाज वाटते सांगायला, पण मी तेच विचारलं.

"पाऊण पान. मी पानातच मोजतो. लोक आधी हसले, मग शिट्ट्या. जयवंतराव माझ्याकडे बघत होते. सरळ, तोंड वळवून, विंगेकडे. सगळ्या थिएटरला कळलं ते कुणाकडे बघतायत. मी पुस्तकात बघत होतो. पडदा पाडला तेव्हा मी स्टुलावरून खाली पडलो. तीच ती भोवळ."

खालून कुणीतरी जिना चढलं, आम्ही पाय आवरले. तो माणूस गेल्यावर काका परत बोलू लागले.

"नंतर ते उभे राहिले नाहीत. सात वर्षं घरात होते. जेवताना घास हातात धरून खोलीच्या कोपऱ्याकडे बघत बसायचे. तिथून कुणी काही सांगेल म्हणून. मी दर रविवारी जायचो. नीलू म्हणायची, दामूकाका, त्या दिवशी तुम्हाला भोवळ आली नसती तर. मी म्हणायचो, हो ना गं."

"मग काल कशाला पाठ करून घेतलीत माझ्याकडून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खरोखर आश्चर्य वाटल्यासारखं.

"चांगली होती हो ओळ."

मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. वडिलांच्या वयाच्या माणसाने जिन्यात बसून हात जोडणं हे फार वाईट दिसतं.

"सभेचं राहू दे. ते तिला माहीत आहे. शेवट तेवढा माझा ठेवा. ‘भोवळ येऊन पडतो.’ तेही तीनच शब्द आहेत. ‘मुद्दाम’ तुमच्या तोंडून यायला नको, ताई. ती समोर बसलेली असणार."

"लोंबेल ती, काका. आपण दोघंही पडू."

"पडू."

"तुमची पटकथा वाचणार नाही कुणी."

"नाही वाचली तर नाही."

"बरं," मी म्हटलं. "माझ्या तोंडून नाही येणार."

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. "मग हे बदलून देता? शेवट?"

माझ्या पर्समध्ये पेन होतं. मी म्हटलं, "कार्ड राहू दे. तोंडात बदलते."

त्या दिवशी गावात वीज नव्हती. इचलकरंजीत वीज गेली की काय होतं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या शाळेच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग होते. त्यांचा खडखडाट जन्मापासून कानात असतो, म्हणून ऐकू येत नाही. तो थांबला की कान एकदम उघडे पडल्यासारखे होतात. त्या सकाळी हॉलमध्ये कुणी वहीचं पान उलटलं तरी ऐकू जात होतं.

आमचा नंबर पाचवा होता. आधीच्या चार ओळी मी ऐकल्या. एक बरी होती, तीन लोंबत होत्या. बरी होती ती माझ्या ‘भोवळी’पेक्षा चांगली होती. आणि माझ्यानंतर काका माझी ओळ म्हणणार होते, शालूची. ती सगळ्यांत चांगली होती. मी हिशेब केला नाही असं म्हणणार नाही.

"चौगुलेबाई," मॅडमनी हाक मारली.

मी पुढे जाऊन उभी राहिले. काका डावीकडे स्टुलावर, कार्ड दोन्ही हातांत, नजर खाली. मॅडम समोरच्या बाकावर, गुडघ्यावर वही.

"विसरत चाललेल्या नटाला," मी सुरुवात केली, "दोन वर्षं एकेक वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर..."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी काकांकडे मायेने बघितलं.

"...नटाने भर सभेत त्याला नाकारल्यावर..."

मॅडमनी मान खाली घातली. ते त्यांना माहीत होतं. वडिलांचं ते बोलणं त्यांना लागलेलं असणार.

"...त्याच दुपारी भरल्या प्रयोगात..."

मी थांबले.

हॉल शांत. माग शांत. पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी माझ्यासाठी ओठ हलवले, पण त्यांना ओळ कुठं माहीत होती? कुणीतरी खोकलं. मॅडमनी वर बघितलं आणि हसून मान हलवली, येईल, येईल, अशी. मी त्यांच्या डोक्यावरून मागच्या खिडकीकडे बघत होते. तिथं गज होते, ते मोजले. नऊ.

आणि डावीकडून आवाज आला. हळू. त्यात राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. थेट माझ्या कानाशी येऊन थांबेल एवढाच. तीस वर्षांचा घोटलेला.

"मुद्दाम गप्प बसतो."

विंगेतला शब्द प्रेक्षकांना ऐकू जात नाही, पण मध्ये विंग होती कुठं? सगळ्यांनी ऐकला. मागच्या रांगेतून कुणीतरी "वा!" म्हणालं. दोनचार टाळ्या पडल्या. मी ते शब्द परत उच्चारले नाहीत. गरज नव्हती. मी शब्द पाळला.

टाळ्या आपोआप थांबल्या, कारण मॅडम वाजवत नव्हत्या.

"दामूकाका," त्या म्हणाल्या, "काल ही ओळ भोवळीवर संपत होती ना?"

"हो."

"मग?"

"सुधारली ताईंनी."

"आणि तुम्ही का बोललात मध्येच?"

"ताई अडकल्या होत्या," काका म्हणाले.

मॅडमनी वही मिटली. त्यांचा आवाज अगदी साधा होता, हजेरी घेतात तसा.

"बाबाही अडकले होते."

काकांची नजर अजून कार्डावरच होती. मॅडम त्या कार्डाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही नुसती ओळ आहे ना? चौगुलेबाईंच्या डोक्यातली?"

मॅडम त्यांना वाट देत होत्या. अजूनही देत होत्या. काकांनी तोंड उघडलं, आणि त्यांना शब्द सापडेना. श्वास वर अडकला, चोरट्यासारखा. मला ऐकू आला. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. ‘हो, माझ्याच डोक्यातली आहे, मॅडम,’ असं मी नुसतं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

मी खिडकीकडे बघत होते.

"बसा, केसकर," मॅडम म्हणाल्या.

दामूकाका नाही. केसकर.

मग त्यांनी वही परत उघडली. "पुढची ओळ."

पुढची ओळ काकांनीच म्हणायची होती, माझी. ते उठून उभे राहिले. कार्ड माझ्या हातात होतं, पण मला बघायची गरज पडली नाही. ‘नवऱ्याने सोडलेल्या पिको-फॉलवाल्या बाईकडे’पासून शेवटपर्यंत एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. जिथं थांबायला हवं तिथं थांबले. पण ऐकत कोण होतं?

दुपारी मॅडमनी मला व्हरांड्यात बोलावलं. डोळे सुजलेले होते, पण काजळ नीट होतं.

"एक तारखेला मुंबईला या," त्या म्हणाल्या. "जागा तुमची. ओळ चांगली आहे."

"आणि काकांची पटकथा?"

"ती मी वाचणार नाही."

मी "बरं" म्हटलं. तेव्हा मी बऱ्याच गोष्टींना "बरं" म्हणायचे.

मुंबईत मी सतरा वर्षं काढली. तिथे गेल्यावर दोन वर्षांनी एका नव्या मालिकेसाठी विषय शोधत होतो तेव्हा मॅडमनी स्वतः कपाट उघडून ते कार्ड काढलं आणि टेबलावर माझ्यापुढे सरकवलं. काकांच्या हातातलं, कडेला घामाने फुगलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हे वापरा." प्रॉम्प्टर म्हणजे काय ते घराघरांत कुणाला कळणार, म्हणून आम्ही त्याची सून केली. नटाचा सासरा केला, कारखानदार, भाषणात अडकणारा. सून मागे बसलेली असते, कागद तिच्या हातात असतो, आणि ती गप्प बसते. चारशे बारा भाग चालली. पुढे तिला पश्चात्ताप होऊन ती सासऱ्याचे पाय धरते तो भाग माझाच. लोक रडले.

काका तेव्हा हयात होते. मालिका बघतात का, ते विचारायला मी गेले नाही. नंतर कधीतरी इचलकरंजीला गेले तेव्हा माझं जुनं दुकान चालवणाऱ्या बाईने सांगितलं, गेले ते, वर्ष झालं. पटकथेचं बाड कुठं गेलं ते तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

आता मीही शिबिरं घेते. पोरं विचारतात, बाई, तुम्हाला पहिलं काम कसं मिळालं? मी त्यांना सांगते, ऐन वेळी ओळ विसरले होते, एका भल्या माणसाने आठवण करून दिली. पोरं हसतात. वहीत लिहूनही घेतात.

पण त्या दिवसातली एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही, इथेही मघाशी गाळून पुढे आले.

मॅडमशी बोलून मी जिना उतरले तेव्हा काका खाली चपला घालत होते. पटकथेची पिशवी भिंतीला टेकवलेली. एका चपलेचा अंगठा निसटत होता, तो ते पायानेच बसवत होते. वीज परत आली होती आणि माग सुरू झाले होते, त्यामुळे जरा मोठ्याने बोलावं लागत होतं.

"काका," मी म्हटलं, "ऐन वेळी सुचेचना हो मला. तुमचं वाक्य का माझं, गोंधळ झाला. मी अडकले."

काकांनी चपलेचा अंगठा बसवला. मग पिशवी खांद्याला लावली.

"नाही, ताई," ते म्हणाले. "तुम्ही पुरता श्वास भरून घेतलात आणि मग थांबलात. ऐकलं मी. पण नजर कार्डावर होती. कळेपर्यंत तोंडातून गेलं होतं."

मी सरकून त्यांना वाट दिली.

"थांबलात मात्र अगदी बरोबर जागेवर," काका म्हणाले, आणि मागांच्या आवाजातून रस्ता ओलांडून गेले.